शुभेच्छुकांच्या पट्टीतला गणेश

२ ऑगस्ट
तेरवीनंतर आज दुकान उघडलं. बॅनरच्या धंद्यात दुखवटा कसला, सकाळीच दोन वाढदिवस आले. दोन्हीत खाली शुभेच्छुकांची पट्टी. मित्रमंडळाचे सगळे चेहरे ओळीनं, त्यात आमचा गणेश, गॉगल लावून हसून राह्यला. धाकटा भाऊ. विहिरीवर मोटार चालू करायला ओल्या पायानं गेल्ता, करंट लागला. मेल्या, चप्पल तरी घालायची.
जेवण गेलं न्हाई.

३ ऑगस्ट
मंडळाचे सगळे बॅनर एकाच फायलीत हायेत, पानापानावर. चेहऱ्यांची मूळ पट्टी पहिल्या पानावर, बाकी ठिकाणी तिचे क्लोन, मुळाला जोडलेल्या नकला. मूळ पट्टीत काही केलं की सगळीकडं होतं. एकदा गणेशनं मंडळाच्या अध्यक्षाला, संतोषला, मूळ पट्टीत झुपकेदार मिशी काढली. दहीहंडीपासून शिवजयंतीपर्यंत सगळ्या पानांवर मिशा. किती हसलो होतो दोघं.

५ ऑगस्ट
श्रद्धांजलीचा बॅनर केला. स्वतःच्या भावाचा. मूळ पट्टीतल्याच फोटोचा रंग काढला, हार घातला, प्रिंट दिली. हात चालून राह्यले, डोकं न्हाई.

६ ऑगस्ट
घात झाला. संतोषच्या पोराचा वाढदिवसाचा बॅनर काल त्याच फायलीतून गेला. फाट्यावर बांधला, आन् हसणाऱ्या चेहऱ्यांत गणेश काळापांढरा, गळ्यात हार! क्लोन हाये हे ध्यानातच न्हाई राह्यलं. संतोषची बायको फोनवर रडायला लागली, "माझ्या लेकराच्या शुभ दिवशी हे काय हो?" स्वतः शिडी लावून उतरवला. खाली लोक बघत होते. गुंडाळताना त्याचं तोंड आतल्या बाजूला घेतलं.

८ ऑगस्ट
संतोष आल्ता. खालमानेनं म्हणला, "गणेशला पट्टीतून काढ रे. आम्हाला बी तुटतं, पण शुभ कामात बराबर दिसत न्हाई."
त्याचं चूक न्हाई. मुळातून काढला की सगळ्या पानांवरून जाईल. हार काढावा तर श्रद्धांजलीच्या पानावर बी हसायला लागतो. फाईल बंद केली.

११ ऑगस्ट
आरूचा, म्हणजे गणेशच्या पोरीचा, वाढदिवस १५ ला. सविता, तिची आई, पदर सावरत म्हणली, "दादा, दरवर्षीसारखा बॅनर करा. ते पाहिजेत त्याच्यावर."
पण कुठं? गेलेल्या माणसाची जागा वर, आशीर्वादाच्या गोलात. अण्णांना विचारलं. ताट सरकवून उठले. "मी जित्ता बाप खाली, आन् पोरगा माझ्या वर बसून आशीर्वाद देणार? आधी मलाच हार घाल." मंग अंगणात जाऊन रडले. त्यांना असं रडताना तेरवीला बी पाह्यलं न्हाई.

१३ ऑगस्ट
सविता आरूला घेऊन दुकानात आली. स्क्रीनवर वरच्या गोलात गणेशला ठेवून पाहत होतो. आरू म्हणली, "मोठे पप्पा, तिथं कशाला? खाली घ्या ना. माझ्याजवळ."
सविता भिंतीकडं तोंड करून उभी.
आरूच्या पानावरचा तेवढा एक चेहरा मुळापासून तोडायचा, हार काढायचा, रंग परत द्यायचा. मंग मुळात काहीही झालं तरी त्याला धक्का न्हाई. सोपं काम हाये. एक बटण. न्हाई दाबल्या गेलं. म्हटलं, उद्या देतो.

१४ ऑगस्ट
तोडला. रंग दिला. आरूच्या शेजारी ठेवला, खांद्याला खांदा. खाली ना शुभेच्छुक, ना आशीर्वाद. नुसतं 'पप्पा'. अण्णांनी पाह्यलं. चष्मा पुसत बसले.

१५ ऑगस्ट
बॅनर घरासमोर बांधला. माय दारातूनच बघून आत गेली. आरू नवा फ्रॉक घालून बॅनरखाली उभी राह्यली, फोटो काढून घेतले. मंग मला विचारते, "मोठे पप्पा, माझा फोटो दरवर्षी नवा असतो. पप्पाचा पुढच्या वर्षी कुठून आणायचा?"
म्हटलं, चल, केक कापू.
संध्याकाळी संतोषचा फोन. गणेशला काढलं का पट्टीतून, विचारत होता. म्हटलं, अजून न्हाई.