सगळ्याच मोठ्या बाई

३० जानेवारी १९८४, परळ
संस्थेच्या सेक्रेटरींना आज सांगून टाकलं. जूनपासून मुख्याध्यापिका नको, पुन्हा वर्ग द्या. आठवीचं मराठी. म्हणाले, "बाई, संप काय जन्मभर चालणार आहे?" गिरण्या बंद, दोन वर्षं झाली. दहा तारखेपर्यंत विचार करा म्हणाले. केला आहे.
मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गेले. बोलणं थांबलं. कपाटातून खडू घेतला, नको असताना. डबा केबिनमध्येच.

१ फेब्रु.
शाळा सोडल्याचा आणखी एक दाखला. सातवीतली. वडील मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, आता सगळे गावी, देवगडकडे. "गावाक शाळा आसा, बाई." मुलगी दारात उभी, माझ्याकडे बघत नव्हती. सही केली. घरी माझ्या आईला सांगावं, तर ती म्हणते, आधी जेव.

३ फेब्रु., माझगाव
मुख्याध्यापिकांचं निवासी शिबिर. यायचं नव्हतं. नाव आधीच गेलेलं. चर्चच्या आवारातली जुनी इमारत, उंच खिडक्या.
भाषण चालू असताना बाराला चर्चची घंटा झाली. आम्ही सगळ्या उठलो. दोघी तर व्हरांड्यात पोचल्या, रांगा बघायला. वक्ते तोंड उघडं ठेवून. मागून एक आवाज, "बसा गं, इथे पोरं नाहीत." मग हसू आवरेना. माझंसुद्धा.
आवाज तांडेलबाईंचा. नायगावच्या एका शाळेच्या मोठ्या बाई, घर कोळीवाड्यात. जेवताना माझ्या ताटात जवळ्याची चटणी वाढली, मग विचारलं, "खातेस ना? नाहीतर बाटवली म्हणशील."
"खाते."
"मग बोल काहीतरी."
अगं-तुगं. शाळेत किती वर्षांत कोणी केलं नाही.

४ फेब्रु.
गटचर्चा. फळ्यावर विषय: शिस्त. शिस्तीवर कोणी बोललं नाही. डिसोझाबाई, इथल्याच शाळेच्या, म्हणाल्या, त्या सुट्टीतही शाळेत जाऊन बसतात. घरी बोलायचं काय, सुचत नाही. बऱ्याच जणी खाली बघत होत्या.
मी दाखल्यांचं सांगितलं. वाटलं त्यापेक्षा लांबलं.
तांडेलबाई: "बाप एकटा आला तर मी देतच नाही. म्हणते, उद्या आईला घेऊन या."
"आणून काय होतं?"
"कधी भांडते, कधी रडते. कधी मुलीला मावशीकडे ठेवते."
"आणि नाही ठेवली तर?"
"तर देते. काय करणार."
संध्याकाळी आवारात फिरताना तिला सांगितलं, मी सोडतेय. ती चालत राहिली. "सोड की. मुली जातील त्या जातीलच. सही दुसरीची, एवढंच."
राग आला. अजून आहे.

५ फेब्रु.
निरोपाची भाषणं. निघताना तांडेलबाई, "तीनला फोन कर कधीही. तेव्हा शिपाई चहाला जातो, मीच उचलते." डिसोझाबाई फाटकापर्यंत आल्या. पुन्हा कधी, असं कोणीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

८ फेब्रु., परळ
आठवीतल्या सुरेखाचे वडील, दाखल्यासाठी. एकटेच. पेन उघडलं होतं. बंद केलं. म्हटलं, उद्या सुरेखाच्या आईला घेऊन या.
"तिका काय कळता?"
"तरी आणा."
खुर्ची ढकलून गेले.
तीनला नायगावला फोन. सांगितलं. "बरं केलंस," एवढंच.

९ फेब्रु.
सकाळपासून कोणी नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन शिक्षकखोलीत गेले. बोलणं थांबलं. तरी बसले. शेवटी कोणीतरी लोणचं पुढे केलं.
तीनला फोन वाजला. तांडेलबाई.
"आली का आई?"
"नाही अजून."
"मुलगी?"
"वर्गात आहे."
"मग थांब."
टेबलावर सेक्रेटरींची चिठ्ठी: उद्या उत्तर हवं. ती बाजूला ठेवली. टेबलासमोर नेहमी एकच खुर्ची असते. शिपायाला सांगून सुरेखाच्या आईसाठी दुसरी आणवली.