ग्रीसच्या फ्लॅटचं दार

वणी, मंगळवार संध्याकाळ

काल लिहिलं ते चूक. ग्रीसच्या फ्लॅटचं दार पूर्वेला नाही, दक्षिणेला आहे. व्हिडिओत दारातून ऊन येताना पाहून मीच पूर्व ठरवली आणि बाबांना सांगितली. आज नागपूरच्या एजंटला विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "दक्षिणच मॅडम, दारातूनच समुद्र दिसतो!"

हा फ्लॅट घेतला की आम्हा तिघांना तिथं राहायचा परवाना मिळेल. माझं तिथलं शिक्षण त्यावरच आहे; कॉलेज मात्र दुसऱ्या शहरात, मी होस्टेलवर राहणार. पण दक्षिण ऐकली की बाबा सौदा मोडतील. वणीतला दक्षिणमुखी प्लॉट त्यांनी फुकटातही घेतला नसता. आणि या दारासाठी तर तोरणसुद्धा बॅगेत भरून ठेवलंय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "कायले सांगतं बाई त्यायले? तिथं राह्यते कोण? दाराले कुलूपच त लागन!"

पण तोरण? ते लावायला बाबा जाणार, आणि होकायंत्र घेऊनच जाणार. मग?

टोकन शुक्रवारी जाईल. उद्या बाबांची एकादशी. उपाशी माणसाला दक्षिण सांगू नये. गुरुवारी, पारणं झाल्याबरोबर, तोरण बॅगेतून काढून समोर ठेवते आणि सांगते.