स्क्रूवरचा लाल ठिपका

दादा, मधे बोलायचं नाही. ‘हिचं डोकं फिरलंय’ हे तर मुळीच नाही. समोरच्या चष्मेवाल्यांनी आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आत्ताच विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं शुक्रवार, आणि तुमच्या घड्याळाचा सेल संपत आलाय. म्हणून दोघं साक्षीदार व्हायला तयार झाले. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. गिऱ्हाइकाला आपणही तेच सांगतो. तर मी, वय वर्षे साठ, धंदा दुरुस्तीचा, कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिलं आहे आणि तुम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते आहे.

कलम १. दुकानातला माझा अर्धा हिस्सा भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, ठिणगीला. सहाव्या वर्षी तिनं प्लगमध्ये चिमटा घातला, तेव्हापासून ती ठिणगी. हिस्सा देताना मला आनंद होत नाहीये, याची नोंद घ्यावी.

कलम २. फळी. काउंटर आणि कामाचं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडची फळी आहे, तिला वीतभर खिडकी. एकतीस वर्षं दादा पुढे, मी मागे. टीव्ही, रेडिओ खिडकीतून आत यायचे, बरे होऊन बाहेर जायचे. काम अवघड असलं की दादा गिऱ्हाइकाला सांगायचा, “थांबा, मी स्वतः आत जाऊन बघतो.” आत येऊन माझा चहा प्यायचा. “झालं का गं?” “झालं.” की कपाळ पुसत बाहेर. ही फळी काढून टाकावी. घाव घालू नयेत, स्क्रू आहेत. स्क्रू जपून ठेवावेत.

कलम ३. भिंतीवरचं सर्टिफिकेट दादाचं, दादालाच. मी सतरा वर्षांची, तो एकोणीसचा, दोघांनी टेक्निकलचा फॉर्म भरला होता. वडिलांनी एकावर सही केली. दुसरा घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. “एका घरात दोन मेकॅनिक कशाला?” टेबल तेव्हापासून हललेलं नाही. दादा दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा माझ्यासमोर अभ्यासाला बसून पास झाला. त्याच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या माझ्या हातच्या आहेत. फ्रेम त्याला, वही ठिणगीला.

कलम ४. शिलाई मशीन वहिनीला परत. वहिनी, “हेही मशीनच की!” म्हणून दिलं होतंत. मोटार मिळणार नाही. ती सोल्डरिंगचा धूर ओढायच्या पंख्याला लावली आहे आणि तिथं सुखात आहे.

कलम ५. बँकेत जे आहे त्यातून आधी ठिणगीची फी. मग दरवर्षी एका मुलीची, जिनं कुणाला न विचारता घरातली एखादी वस्तू उघडून पुन्हा बसवली असेल. एखादा स्क्रू उरला असला तरी चालेल. मार्क बघू नयेत, बापाचं मत विचारू नये.

कलम ६. नेलपॉलिशच्या बाटल्या ठिणगीला. काम संपलं की मी स्क्रूवर लाल ठिपका देते. ठिपका तुटला की समजावं, मधे कुणी उघडलंय. “कुणासाठी नटतेस गं?” असं दादा विचारायचा. दादा, माझी नखं कधी बघितलीस का? सगळी भाजलेली आहेत. एवढ्या घरांत माझी खूण आहे, आणि ती माझी आहे हे एकालाही माहीत नाही.

आता ठिणगीबद्दल. गेल्या महिन्यात एका वॉशिंग मशीनच्या सर्किटशी मी दोन दिवस डोकेफोड केली. हिनं लॅपटॉपवर त्याचा नकाशा काढला आणि चहा निवायच्या आत बिघाड दाखवला. गिऱ्हाईक म्हणालं, “कुणी केलं?” ही फळीच्या पुढे उभी. म्हणाली, “मी.” बस. बापाकडे बघितलं नाही, आवाज खाली आणला नाही. आणि गिऱ्हाईक म्हणालं, “बरं. पिशवी आहे का?”

एकतीस वर्षं ज्या आभाळाच्या कोसळण्याला मी घाबरले, ते पिशवी मागून निघून गेलं.

वर ही आत येऊन म्हणते, “आत्या, तू शिकवलंस म्हणून जमलं.” अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मोठेपणासुद्धा हिलाच परवडतो!

मग हिचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, दुसऱ्या शहरात. दादा म्हणाला, “एवढ्या लांब कशाला? आत्याकडेच शिकेल.” पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “हो ना, इथं काय कमी आहे?”

कलम ७. कपाटावरचा माझा रेडिओ ठिणगीला. आता नीट ऐका. दादा, मंगळवारी तुझं मन बदललं. संमतीच्या फॉर्मवर सही करून तो माझ्याकडे दिलास. “तूच दे तिला, मला रडू येईल.” मी दिला नाही. ठिणगी, तुला वाटतं बापानं सही नाकारली. दादा, तुला वाटतं सही मिळूनही पोरगी एक शब्द बोलली नाही, माजलीय. तीन दिवस दोघं माझ्याकडे येऊन कुढताय आणि मी दोघांची समजूत काढतेय.

फॉर्म रेडिओच्या मागच्या झाकणाआड आहे. चार स्क्रू, चार लाल ठिपके. वडिलांनी टेबलाखाली घातला, मी रेडिओत. फरक एवढाच की हा उघडता येतो. उद्या पाचच्या आत तो कॉलेजात पोचला पाहिजे. बस सकाळी साडेसहाला सुटते. स्क्रूड्रायव्हर समोर ठेवलाय, तोही तुझाच.

माफी मागत नाही. अजून जळते मी. तू पुढच्या बाकावर बसशील, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणशील. तरी जा. मी वाचले तर जळायला काहीतरी मोठं असू दे. इथंच राहिलीस तर मी कुणावर जळू?

साक्षीदार: १. समोरचे चष्मेवाले. २. वरच्या मजल्यावरच्या बाई.
स्थळ: दुकान, काउंटरपाशी, फळीच्या पुढे.
दिनांक: फॉर्मच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस.
सही: पेनानं. शेजारी लाल ठिपका.

गाडी आली. उठू नका, पिशवी माझी मी घेते. दवाखान्यात कुणी यायचं नाही, बस चुकेल. दादा, तोंड मिट. निघाले.