बावीस पन्नासवर थांबलेलं जेट

१४ सप्टें., रवि.
आज असं उतरवलं की चाकं कधी टेकली मलाच कळलं नाही. मेजर काका शेजारीच उभे होते. मिशी डावीकडून वर गेली फक्त. डावी मिशी म्हणजे पास. (फौजेत कधीच नव्हते, बँकेत होते. पणजोबा दरबारच्या घोडदळात, तेव्हापासून घरात मिशी चालू आहे. पुढे मे.का. लिहीन, हात दुखतो.)
जेट त्यांचं, रिमोटवालं, उडवते मी. त्यांचे हात कापतात आता. ते म्हणतात चष्म्याचा नंबर वाढलाय. ठीक आहे, चष्मा तर चष्मा.
डब्यात २२:०५ झाले. डबा म्हणजे इंजिनाचा मेंदू. किती तास फिरलं ते मोजतो, आणि माझ्यासारखा नाही, खोटं बोलत नाही. थर्मासएवढं इंजिन, आवाज मोठ्या विमानाचा. २५ तास झाले की काढून जर्मनीला पाठवायचं, कंपनी खोलून बेअरिंग बदलते. मग दोन-तीन महिने गेले. मे.का.नी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने २५ लिहून गोल केलाय, जशी काही लग्नाची तारीख.
२ नोव्हें.ला शो. जेट पहिल्यांदा पब्लिकसमोर. तोपर्यंत चोवीसच्या आतच राहतो. शो करू, मग पाठवू.
बी.कॉम.चे दोन पेपर राहिलेली मुलगी जेट उडवणार. टोमणेवाल्या आत्या, ऐकून राहिल्या ना?

१७ सप्टें., बुध.
सकाळभर सुदामा नगरला, बाबांच्या गॅरेजवर. बाबांच्या फोनला रिंगटोन लावली: स्कूटर स्टार्ट होत नाही तो आवाज. मग फोन करत राहिले. बाबा चार वेळा हातातलं काम सोडून रस्त्यावर बघून आले. "कोणाची गाडी आहे यार?" पाचव्यांदा माझ्याकडे बघितलं. पळाले.
दुपारी एका स्कूटरचा आवाज मी पकडला. पेचकसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे बंद. सातवीत असताना बाबांनी शिकवलेलं. शाळेने त्या वर्षी काय शिकवलं ते आठवत नाही. बाबा म्हणाले गिअर. मी म्हणाले बेअरिंग. खोललं. बेअरिंग! बाबांनी दोन चहा मागवले. एरवी माझा अर्धा असतो.

२१ सप्टें., रवि.
मैदान म्हणजे प्लॉट विकले न गेलेली कॉलनी. रस्ता एकदम मक्खन, घर एक पण नाही.
उडवायच्या आधी मे.का. नेहमी थंड इंजिन स्टार्टरने फिरवतात, सोडून देतात, आणि आपोआप थांबेपर्यंत कान लावून बसतात. "बोल बाई," म्हणतात. पणजोबा घोडीला म्हणायचे म्हणे, खोगीर चढवायच्या आधी. आज बाई बोलली सूंऽऽऽ. आणि थांबता थांबता, अगदी शेवटी, कुर्र.
मी: काका, कुर्र.
"कसलं कुर्र?"
"बेअरिंग. पंचवीसपर्यंत नाही जाणार हे."
"सोनू, ऑगस्टमध्ये पण तुला खडखड ऐकू आली होती."
आता काय बोलणार. ऑगस्टमध्ये मीच जेटच्या पोटात ब्लूटूथ स्पीकर लपवून खडखड वाजवली होती. त्यांनी दोन तास अख्खं विमान खोललं, मी व्हिडिओ काढला. क्लबच्या ग्रुपवर अजून फिरतोय.
उडवलं. मस्त उडलं. डब्यात २२:३५. पण कुर्र होतं. पक्कं होतं.

१ ऑक्टो., बुध. खंडे नवमी.
मे.का.कडे शस्त्रपूजा. पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी लाल कपड्यावर इंजिन. झेंडूचा हार इंजिनाला मोठा होतो, दोन वेढे घालावे लागले. हसायला गेले होते पण सच्ची, छान दिसत होतं. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ना तलवारीला ना इंजिनाला.
धूळ नको म्हणून मी इंजिनाच्या तोंडाला टेप लावून ठेवली होती. काकूंनी काढली. "देवासमोर कोणाचं तोंड बांधतात का गं?"
मे.का.ना परत कुर्र सांगितलं. "आज चांगला दिवस आहे, आज नको."
पिंटू भिया आला होता प्रसादाला. शो त्याचाच आहे, पत्रिका पण छापून झाल्या. "क्या केरिये हो मैडम, जेट उड़ेगा के आरती ही उतारते रहोगे?"
मी त्याच्या शिऱ्यात मीठ घातलं. थोडंच.

५ ऑक्टो., रवि.
"बोल बाई." बाई बोलली: टुक टुक टुक.
आज मे.का.ना पण ऐकू आलं. लगेच माझ्याकडे बघितलं. पिंटू भियाने पण. मी नाही! आयुष्यात पहिल्यांदा खरंच मी नाही, आणि थोबाड तेच चोरासारखं.
पुढचं कव्हर काढलं, इंजिन उलटं धरलं. तीन तांदूळ पडले. कुंकवाने लाल.
काकूंना फोन लावला. स्पीकरवर: "मीच टाकल्या अक्षता. तलवारीला टाकते, मग त्याला नको का?"
मे.का. इतके हसले की रस्त्यातच बसले. "हे घे तुझं कुर्र! जेवायला पण घाल आता त्याला!" मी पण हसले. अशी आयडिया मला का नाही सुचली.
फुंकलं, पुसलं, परत फिरवलं. टुक गेलं. कुर्र आहे.
मी म्हणाले, काका, तांदूळ पहिल्या तारखेचे. कुर्र एकवीसचं आहे.
"पुरे आता, सोनू."
जमिनीवरच पंधरा मिनिटं चालवून बघितलं. टेंपरेचर बरोबर. २२:५०. मे.का. खुश. लाल गोलापर्यंत अजून दोन तास दहा मिनिटं आहेत म्हणे.
मी गप्प बसले तर शो माझा. कोणी मला काही बोलणार नाही. डब्यात लिहिलंय, पुस्तकात लिहिलंय, तांदूळ पण सापडले...

७ ऑक्टो., मंगळ.
पिंटू भियाने शोच्या जागेचा फोटो टाकला. दोरी बांधून बघतोय. दोरीच्या मागे शाळेची पोरं बसणार, सतरंजीवर.
आत बेअरिंग गेलं तर पंखा जाम. पंखा जाम तर इंजिन बंद. इंजिन बंद तर ते जेट नाही, दहा किलोचा दगड. आणि दगडाला रिमोट नसतो.
झोप चांगली लागते मला. आज नाही लागली.

९ ऑक्टो., गुरु.
बाबांना मे.का.कडे नेलं. बाबा आजपर्यंत जेटला "ते खेळणं" म्हणतात. हात धुऊन, शर्ट बदलून आले. खिशात पेचकस.
मे.का.नी इंजिन फिरवून सोडलं, बाबांनी पेचकस लावला, डोळे बंद. एकदा. परत एकदा. खोलीत पंख्याचा आवाज येत होता, तर काकूंनी पंखा बंद केला.
बाबा: "इतकं बारीक मला नाही कळत, साहेब. स्कूटरवाला माणूस मी."
माझं तोंड उतरलं.
मग म्हणाले, "पण ही ऐकते. गॅरेजमध्ये मी आता हिला विचारूनच खोलतो."
खरंच? मला कधी नाही सांगितलं ते.
मे.का.: "अजून दोन तास आहेत हो पुस्तकाप्रमाणे."
बाबा: "पुस्तकवाले सुदामा नगरच्या धुळीत कधी आलेच नाहीत, साहेब."
डावी मिशी हलली. पण वर नाही गेली. "कान म्हणजे पुरावा नाही," म्हणाले. बँकवाला माणूस, कागद पाहिजे.
घरी येताना सिग्नलला बाबा म्हणाले, "रिंगटोन काढ आता ती." काढली.

१२ ऑक्टो., रवि.
पुरावा सापडला!!! तो पण कुठे, माझ्याच फोनमध्ये.
ऑगस्टचा स्पीकरवाला व्हिडिओ. खडखड सुरू करायच्या आधीचा भाग मी ग्रुपवर टाकलाच नव्हता. बोअर होता, कापला. पण ओरिजनल ठेवलेला. त्यात मे.का. "बोल बाई" म्हणून इंजिन फिरवतात आणि सोडतात. सोडल्यापासून पंखा थांबेपर्यंत पंधरा सेकंद. चार वेळा मोजले.
सकाळी सकाळी मे.का.कडे. पोहे पण नाही खाल्ले. आज फिरवून बघितलं: नऊ. परत: नऊ. त्यांनी स्वतःचं घड्याळ घेतलं: साडेआठ. बेअरिंग घासतंय, म्हणून पंखा लवकर थांबतोय.
"ऑगस्टमध्ये हवा गरम होती," म्हणाले.
"ऑगस्टमध्ये पाऊस होता, काका. छत्री मी धरली होती. बघा, व्हिडिओत माझा हात आहे."
मे.का.नी फोन माझ्या हातातून घेतला. तोच व्हिडिओ परत लावला. स्वतःलाच बघत होते, विमान खोलताना, घामाघूम. मागे मी खिदळतेय. मला वाटलं आता ओरडतील.
"समजा पाठवलं आणि त्यांनी कळवलं, बेअरिंग चांगलं होतं. मग?"
"मग शो फुकट गेला. माझ्यामुळे."
"आणि नाही पाठवलं तर?"
मी सतरंजीवाल्या पोरांचं सांगितलं.
"उडवणार तू आहेस. तू ठरव." आणि आत निघून गेले चहा सांगायला. हे काय! भांडायची एवढी तयारी करून गेले होते.
ठरवलं. नाही उडवणार. पाठवायचं.
रडू येत होतं थोडं, पण तिथे नाही रडले. घरी जाताना पलासिया चौकापर्यंत आवरलं, मग रडले.

१४ ऑक्टो., मंगळ.
इंजिन पॅक. फोममध्ये त्याच्या मापाची जागा मी कापली, एकदम फिट. झेंडूची एक पाकळी आतून निघाली, कस्टमवाल्यांना डाउट नको म्हणून काढून टाकली. काकूंना आज खोक्याच्या जवळ येऊ दिलं नाही. लांबूनच हात जोडले त्यांनी.
पिंटू भियाला मे.का.नी फोन केला. माझं नाव नाही घेतलं. "मी नाही म्हणतोय," म्हणाले. तिकडून बराच आरडाओरडा. मे.का. ऐकत राहिले, मग: "पोस्टरवर जेट आहे ना? जेट येईल. उडणार नाही."

२ नोव्हें., रवि. शो.
जेट नेलं. मागून पोकळ, पण पॉलिश असं की त्यात तोंड दिसत होतं. दोरीच्या आत टेबलावर ठेवलं. शाळेची पोरं विचारून राहिली, दीदी हे कधी उडणार? फेब्रुवारीत. फेब्रुवारी कधी येणार?
पिंटू भिया माईकवर: "ये है अपना जेट, फिलहाल आराम फरमा रिया है।" सगळे हसले. बरं नाही वाटलं.
तेवढ्यात मे.का. माझ्या कानात: "तो स्पीकर आणलाय का?"
मी बघतच राहिले. आणला होता. बॅगेत असतोच.
पाच मिनिटांनी मे.का. रिमोट गळ्यात लटकवून, मिशीला पीळ देऊन उभे राहिले. जोरात म्हणाले, "बोल बाई!" आणि रिकामं जेट बोललं. पूर्ण स्टार्टिंग, सूंऽऽ पासून गर्जनेपर्यंत, माझ्या बेस्ट रेकॉर्डिंगवर. पिंटू भिया माईक टाकून टेबलाच्या मागून असा पळाला, असा पळाला! पोरं किंचाळली. मे.का.चा चेहरा दगड. हात पण नाही कापला, शप्पथ.
नंतर दोघं जेटच्या मागे बसून हसत होतो. काकू म्हणाल्या, दोघांना एकाच वर्गात बसवा.
उडवलं नाही आज. तरी आजच्यासारखी ऐट कधी आली नव्हती.

२३ नोव्हें., रवि.
कंपनीचा मेल आला. रिपोर्ट, सोबत फोटो. रात्रीच आला होता. मे.का.नी उघडला नाही. "तुझा कान, तू उघड."
बाबा पण आले, शर्ट बदलून. तिघं लॅपटॉपसमोर.
उघडायच्या आधी मे.का.नी रजिस्टर पुढे केलं. शेऱ्याच्या रकान्यात माझं नाव नेहमी "मदतीला सोनू" असं असतं. २२:५० च्या समोर लिहिलं होतं: सर्व्हिसला पाठवले, पायलटच्या कानावरून. खाली तारीख १४ ऑक्टो. म्हणजे पॅक केलं त्याच दिवशी.
परत वाचलं. पायलट. बाबांनी पण वाचलं, मग खिडकीबाहेर बघायला लागले.
मी: आणि चुकले असेन तर, काका?
"पेनाने लिहिलंय. खोडता येत नाही."
एंटर दाबणार तेवढ्यात काकू आल्या, "थांब गं," म्हणून मेलवर अक्षता टाकल्या. मेलवर म्हणजे कीबोर्डवर. दोन दाणे एंटरच्या खाली गेले. आता एंटर दबत नाहीये.
बाबांनी खिशातून पेचकस काढलाय. मे.का. चष्मा शोधतायत.
माऊसने उघडेल, मला माहीत आहे. त्यांना पण माहीत आहे. कोणालाच घाई नाहीये, म्हणून तेवढ्यात हे लिहून राहिलेय.