‘कुठली बायको?’ म्हणे!

आदरणीय साडूभाऊ,

आदरपूर्वक नमस्कार. (आदर वयाचा आहे, जास्त काही समजू नका.) ताईंच्या पायाचं प्लॅस्टर निघालं हे ऐकून बरं वाटलं. तुमचीही तब्येत ठणठणीत असेलच. मध्यंतरी ती थोडी बिघडावी, निदान तुमचा घसा तरी बसावा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. पण तसं झालं तर गुळण्यांचं पाणी आमच्या हिलाच तापवावं लागणार, म्हणून तो विचार सोडून दिला.

आता मुद्द्याचं. आमची ही तुमच्याकडे आली ती सख्ख्या बहिणीचा पाय मोडला म्हणून. इंग्रजी शिकायला नव्हे! पण तुम्ही पडलात रिटायर मास्तर. समोर माणूस दिसला की तुमचा हात खडूसाठी शिवशिवतो. ताई पलंगावर, ही ओट्यापाशी, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हिला व्याकरण पाजताय, हे सगळं मला इथे बसून दिसत होतं. तेही चालवून घेतलं. पण नवराबायकोने एकमेकांना मेसेज इंग्रजीतच करायचे, म्हणजे सराव होतो, हा फतवा कोणी काढला? मी तेव्हाच फोनवर म्हटलं होतं, साडूभाऊ, माझं इंग्रजी दुकानापुरतं, ते ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालायचं मला कळत नाही. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "अहो, मोठे शब्द सांभाळा. ते चिल्लर शब्द कुठेही टाका, कोण बघतंय!" चिल्लर! माझं चष्म्याचं दुकान आहे हो. तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं कोणीही वाचतो, माणूस अडकतो तो खालच्या बारीक ओळीत, हे मी रोज बघतो. तरी तुमचं ऐकलं. माझीच अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

त्या दिवशी दूध उतू गेलं, पातेलं करपलं, आणि शर्टाचं तुटलेलं बटण हातात घेऊन मी घरभर सुई शोधत होतो. (आमच्या घरात सुई कुठे असते ते फक्त हिला माहीत.) सुई काही सापडेना, आणि खोटं कशाला सांगू, एकदम भरून आलं. म्हणून लिहिलं, "हाउस इज एम्प्टी. आय नीड अ वाइफ." यात काय चुकलं? बायको एकच, म्हणून ‘अ’. हिला ते गोडच वाटलं असतं! पण तुम्ही जेवता जेवता तो मेसेज मागून घेतलात, चष्मा पुसलात, आणि हिला समजावून दिलंत की ‘अ’ म्हणजे कुठलीही एक, मिळेल ती. झालं! हिचं उत्तर आलं, "व्हिच वाइफ?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं संसार केल्यावर विचारते कुठली बायको म्हणे!

मी लगेच सारवासारव करायला गेलो. मला म्हणायचं होतं, तूच माझी बायको. आता आपल्या ‘च’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘ओन्ली’. लिहिलं, "यू आर ओन्ली माय वाइफ", आणि निवांत चहा टाकला. तिकडे तुम्ही आगीत तेल ओतायला हजरच! हिला म्हणालात, याचा अर्थ तू नुसती बायको, बाकी कोणी नाहीस. अहो मास्तर, एवढासा शब्द इकडचा तिकडे पडला तर उचलून जागेवर ठेवायचा, का दुसऱ्याचा संसार उधळायचा? तेव्हापासून हिचा फोन बंद. ताई चालायला लागल्या तरी ही परत यायचं नाव काढत नाही. वर तुमच्याकरवी निरोप, की नुसत्या बायकोचं तिथे काय अडलंय! काय अडलंय? काल एका गिऱ्हाइकाला तक्त्यावरच्या ओळीवर काठी ठेवून विचारत होतो, "ही दिसते का? ही?" आणि मधेच माझा आवाज गेला. तो बिचारा एक डोळा झाकून माझ्याकडेच बघत बसला.

असो. राग आहेच, तो आणखी वाढणार नाही अशी तजवीज तुम्हीच करावी.

तुमचा नुसता,
साडू

ता. क. तुमचा नवा चष्मा तयार आहे. पोस्टाने पाठवणार नाही. हिला घेऊन या आणि घेऊन जा. (चष्मा घेऊन जा. हिला नव्हे. तुमच्याशी हल्ली सगळं फोड करून बोलावं लागतं.)

आणखी एक. पाकीट बंद करण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. सगळीकडे नुसतं ‘ही’ लिहिलंय, एकदाही नाव घेतलेलं नाही. वाचताना तुम्हाला कुठे प्रश्न पडला का, की कुठली ही? नाही ना? मग हे पत्र हिला वाचून दाखवा. आणि तुमच्या पाया पडतो, समजावून सांगू नका.