चांदणी साबणाचा फेस

५ जानेवारी १९६४, खामगाव

उद्यापासून मी भरबाजारात लोकांचे कपडे धुणार, आणि त्याचा पगार घेणार! नोकरी पक्की झाली. उत्तमरावांची इथे तेलाची गिरणी आहे. सरकीच्या तेलापासून त्यांनी धुण्याचा साबण काढलाय – चांदणी. दुकानदार ठेवून घेतात, पण गिऱ्हाईक नाव घेऊन मागत नाही. म्हणून आता जीप, भोंगा आणि मी. गर्दीतल्या कुणाचं तरी मळकं धोतर मागून घ्यायचं, अर्धंच धुवायचं आणि दोन्ही भाग सगळ्यांना दाखवायचे.

आईला सांगितलं. म्हणाली, मॅट्रिक काय चारचौघांत धुणं धुवायले झाली? आता स्थळं कशी येतील, हे वर. मी म्हटलं, घरी फुकट धुतेच आहे.

८ जानेवारी

नांदुऱ्याचा बाजार. गुलजारचाचा जीप चालवतात आणि भोंग्यावर बोलतातही. आवाज असा की स्टेशनवरची माणसं वळून बघतात. माझा मात्र पहिल्या वाक्यालाच घसा बसला. पण हात चालले!

कापसाच्या गाडीवरच्या एका म्हाताऱ्याने धोतर दिलं. अर्धं धुतलं. काय पांढरं निघालं – माझाच विश्वास बसेना. म्हातारा म्हणाला, आता असं दुरंगी नेसून घरी कसा जाऊ? लोक हसायला लागले. शेवटी सगळं धुऊन दिलं. साबणही खूप खपला. परत येताना चाचा गात होते.

११ जानेवारी

हाताची सालं निघाली. तूप चोळून बसलेय. गिरणीत बोलायची सोय नाही.

१९ जानेवारी

आज वडनेर भोलजी. उत्तमरावांनी नवीन योजना काढली आहे – दोन वड्यांवर स्टीलचा एक चमचा फुकट. मी विचारलं, आपण धुऊन दाखवतोच, मग चमचा कशाला? त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. जाहिरातीनं नाव कळते, पण चमच्यानं हात खिशात जाते. आधी नाव, मग चमचा; आणि एकदा वापरला की मग सवय. सवय लागली की चमचा बंद. माणूस मोठा हुशार आहे.

आणि झालंही तसंच. वडनेरला बायकांची अशी रेटारेटी, की जीपचा आरसा वाकला. तानुबाई नावाच्या एकीने तर तीनदा येऊन वड्या नेल्या. मी चाचांना म्हटलं, बघा, हिला सवय लागली.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा होता, पण आम्ही बाजारात. बिस्किट खाऊन दिवस काढला. खप उत्तम.

२ फेब्रुवारी

पुन्हा वडनेर. काय लिहू?

तानुबाईंनी चहाला घरी नेलं. फळीवर आमचे चमचे रांगेने लावलेले. मी खूश. मग कोनाड्याकडे लक्ष गेलं – चांदणीच्या वड्या, कागदसुद्धा न काढलेल्या, एकावर एक. मी विचारलं, वापरत काऊन नाही?

"कशी वापरू व माय? फेसच येत नाही. कपड्याले नुसतं दही चिकटते."

माझा विश्वास बसला नाही. त्यांच्या विहिरीवर गेले, पदर खोचला, माझाच रुमाल घासला. घासतेय, घासतेय – फेस नाहीच. पांढरा चिकट गाळ. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. खारं! या भागातल्या कितीतरी विहिरींचं पाणी असंच.

मग डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी खामगावहून निघताना जीपमध्ये पाण्याचे पिंप भरून घेतात. मला वाटायचं, बाजारात पाण्याची सोय नसते म्हणून. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मले वाटलं, तुले मालूम असन बेटी."

नव्हतं मालूम.

३ फेब्रुवारी

उत्तमरावांना सगळं सांगितलं. त्यांना आधीपासून माहीत होतं! आवाज न चढवता म्हणाले, आपण साबण दाखवतो, फेस दाखवतो, यात खोटं काय? पाणी कुठचं, हे कोणी विचारलं का?

खरंच कुणी विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

नांदुऱ्याला धोतर धुतलं, पांढरं निघालं, टाळ्या पडल्या. मला वर बघवेना.

९ फेब्रुवारी

वडनेर. जीप थांबली, पिंपाला हात लावला नाही. तानुबाईंना म्हटलं, तुमच्या विहिरीची घागर आणा. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग भोंगा माझ्या हातात दिला.

सगळ्यांसमोर त्या पाण्यात धोतर घासलं. गाळच गाळ. मग सांगितलं – आजवर दाखवला तो फेस खामगावच्या गोड्या पाण्याचा. तुमच्या विहिरीच्या पाण्यात हा साबण चालत नाही. गोडं पाणी असेल तरच घ्या.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक पांगले. एकही वडी विकली गेली नाही. धोतरवाल्याने ओलं धोतर खांद्यावर टाकलं आणि गेला.

वाटेत चाचांनी जीप थांबवून गरम भजी घेतली. म्हणाले, "खाऊन घे. उद्या नोकरी राहते का जाते, काय ठाव." सगळी खाल्ली.

१० फेब्रुवारी

गेली. अकोल्याची एक मुलगी येणार आहे, तिला भोंग्यावर गाताही येतं म्हणे. उत्तमराव म्हणाले, कोकिळाबाई, तुम्ही मेहनती आहा, पण माल विकणाऱ्यानं मालाचं वंगाळ बोलू नये.

आईने शिरा केला. ती इतकी आनंदात, की मला रडताही येईना.

१६ फेब्रुवारी

दुपारी चाचा धावत घरी. चल, म्हणाले, गिरणीवर वडनेरच्या बाया आल्या हाय.

गेले तर उत्तमरावांच्या ओट्यावर तानुबाई आणि त्यांच्या आळीच्या पाचसहा जणी. फडकं बांधलेली घागर मधोमध! कंडक्टरशी भांडून एसटीतून आणलेली. शेजारी न उघडलेल्या वड्यांचं गाठोडं. त्यांनी पैसे मागितले नाहीत. तानुबाई एवढंच म्हणाल्या, "मालक, तुमच्या हातानं धुऊन दाखवा."

मला वाटलं, हाकलतील. उत्तमरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि खरंच खाली बसले. घासलं. पुन्हा घासलं. बोटांना चिकटलेला गाळ बघितला. मग साबणाच्या भट्टीवरच्या कय्यूममिस्त्रींना हाक मारली. ते म्हणाले, सरकीच्या जोडीला खोबरेल घातलं तर खाऱ्या पाण्यातही थोडाफार फेस येईल, पण वडी महाग पडेल.

उत्तमरावांनी तानुबाईंना विचारलं, "महाग पडली तर घ्यान का?"

"फेस आला तर घेऊ. चमचा नाही देल्ला तरी चालते."

बायकांनी जाताना घागर तिथेच ठेवली. करून बघायला पाणी लागेल म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

जीपवर अकोल्याची मुलगी जाईल. मला उत्तमरावांनी कय्यूममिस्त्रींच्या हाताखाली भट्टीवर घेतलंय. साबण आता मी करायचा.