वेळ : साडेनऊ

३ फेब्रुवारी, सोमवार
लागलो एकदाचा कामाला! कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलायचे. आज स्वतः विचारलं, डबा घेतलास का. रक्त काढायचा सहा महिन्यांचा कोर्स मी एका मुलीसाठी केला, हे त्यांना कुठे ठाऊक? ती याच हॉस्पिटलात नर्स, तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टर म्हणतात. माझी जीभ वळत नाही. मी नुसता घसा खाकरतो. लॅबमधले काका म्हणाले, मग काय ‘अहो’ म्हणणार आहेस? अख्खी लॅब हसली. मी सुया मोजत बसलो.

५ फेब्रुवारी
काकांनी आज नीट समजावलं. एक जालीम अँटिबायोटिक आहे. रक्तात कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त साठलं तर मूत्रपिंडं आणि कान जातात. म्हणून सकाळी दहाच्या डोसाआधी, साडेनऊला रक्त घ्यायचं. आकडा कमी आला की डॉक्टर डोस वाढवतात. ट्यूबवर वेळ खरीच लिहायची, हे काका दोनदा म्हणाले.
नऊ नंबरच्या खाटेवर निवृत्त मास्तर आहेत, पायाची जखम चिघळलेली. माझं अक्षर बघून म्हणाले, डॉक्टर झाला नाहीस तेच बरं, वाचता तरी येतं.

८ फेब्रुवारी
ती स्वतःहून बोलली! सकाळी तिला खाली काम असतं, मास्तरांचा डोस द्यायला पाऊण वाजतो. रक्त साडेबाराला घे, वेळ मात्र साडेनऊच घाल, म्हणाली. शिवाय त्याच वेळेची वीसेक लेबलं सहीसकट आधीच लिहून ठेवायची, खाटेचा नंबर ती घालेल. ‘तुझ्याशिवाय कुणावर विश्वास टाकू?’
वीस मागितली, मी तीस लिहिली. शेवटच्यावर बदाम काढणार होतो. आवरलं.

१२ फेब्रुवारी
मास्तरांचा आकडा कमी आला, डोस वाढला. पुन्हा कमी, पुन्हा वाढला. मास्तर विचारतात, शाळेची घंटा कोण बडवतंय? इथे घंटा नाही. लघवीची पिशवी जवळजवळ कोरडी.
तीन तास उशिरा रक्त घेतलं की औषध उतरलेलं असणारच. रात्रीचा डोस मात्र वेळेवर, म्हणजे आत साठतच जाणार. मला हे कळतं. ती हसली की कळेनासं होतं.

१४ फेब्रुवारी
मास्तरांना काहीच ऐकू येत नाही. मुलगी पाटीवर लिहून बोलते. मला पाहिलं की मास्तर मनगटावर बोट आपटतात. वेळ. त्यांना माहीत होतं.
तिला सांगायला खाली गेलो. चादरींच्या खोलीच्या काचेतून तिचं काम दिसलं. वॉर्डचा तरणा डॉक्टर. त्याच्या मांडीवर बसून ती माझी नक्कल करत होती, घसा खाकरून. दोघं हसत होते.
काचेवर बुक्की मारली. उजव्या हाताला सात टाके.

१७ फेब्रुवारी
हात सुजला, तापाने फणफणलो. तिसऱ्या मजल्यावर दाखल केलं. खाट नऊ. मास्तर काल वारले, म्हणून रिकामी होती.
औषध तेच. डाव्या हाताने लिहितोय.

१९ फेब्रुवारी
काका आले. मास्तरांची चौकशी सोमवारी, दुपारी एक वाजता. सगळ्या ट्यूबवर माझी सही. ती लिहून देऊन बसलीय की तिला काही माहीत नव्हतं, मुलगा तापट आहे. काका म्हणाले, आत्ताच खरं सांग. मी ओरडलो, सोमवारीच सांगेन, सगळ्यांसमोर, एकेकाची नावं घेऊन!
ती पलीकडे सलाईन लावत होती.

२० फेब्रुवारी
रक्त घ्यायला ती आली. भिंतीवर साडेबारा. खिशातून लेबल काढलं — माझं. साडेनऊ. नंबर तेवढा घातला. नऊ.

२१ फेब्रुवारी
आकडा कमी. तरण्या डॉक्टरने डोस वाढवला. माझ्याकडे बघितलंही नाही. आईला सांगितलं, काकांना बोलाव. आई म्हणाली तापात बरळतोस — किती मायेने करते रे ही मुलगी.

२३ फेब्रुवारी
पुन्हा वाढवला.
घंटा. शाळेची.
मास्तर, मला माफ —

२४ फेब्रुवारी, सोमवार
पिशवी कोरडी. आईचे ओठ हलले, आई गेली. आवाज नाही, फक्त घंटा.
एकला माणसं येतील. बोलता नाही आलं तरी ही वही देईन. सगळं यात आहे —
साडेबारा. ती आलीय. एकटी.
हाक मारली. पहिल्यांदा. सिस्टर. माझी मलाच ऐकू आली नाही.
तिला आली. हसली.
लेबल हातात — पण बघतेय वहीकडे. हात पुढे क